मेंढरांच्या पुढे

माझा बाप मेंढरं सोडून पळाला, हे मला वयाच्या नवव्या वर्षी कळलं. बातमी फोनवर आली, संध्याकाळपर्यंत वस्तीभर झाली आणि आठवड्याच्या बाजारापर्यंत माण तालुक्यातल्या सगळ्या धनगरांना ठाऊक झाली. दारू पिणारा बाप, मारणारा बाप, दुसरी बायको करणारा बाप, हे सगळे आमच्यात खपून जातात. मेंढरं सोडून पळालेला मात्र खपत नाही. त्या दिवसापासून आमचं घर 'पळालेल्याचं घर' झालं. आमचं कोळेकर हे आडनाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं.

आईने ते कधीच मानलं नाही. तिचं नाव पारूबाई. बावीस वर्षं ती रोज सकाळी कुंकू लावत आली, आणि बायका कुजबुजल्या की त्यांच्याकडे बघून आणखी ठळक लावत आली. मी मात्र मानलं. रडण्यापेक्षा राग धरणं सोपं पडतं. मी राग धरला, पुण्याच्या वसतिगृहात राहिले आणि मातीचं शास्त्र शिकले.

बाप गेला होता आइसलँडला. तिथे मेंढ्या भरपूर आणि माणसं मूठभर. उन्हाळाभर त्यांची मेंढरं डोंगरमाथ्यावरच्या गायरानात मोकळी चरतात आणि शरद लागला की सगळा गाव मिळून त्यांना खाली हाकून आणतो. गावातली तरुण मंडळी शहरात गेली, हाकायला कुणी उरेना, तेव्हा एका मध्यस्थाने आमच्याकडचे चाळीसेक मेंढके तिकडे नेले. मायाप्पा कोळेकर त्यातला एक. दुसऱ्याच शरदात तिथला ज्वालामुखी फुटला, आभाळातून राख पडायला लागली, आणि मायाप्पा मेंढरं टाकून निघून गेला. पुढे कुठल्याशा बंदरात त्याला पाहिल्याचंही कुणी सांगितलं. एवढीच ती गोष्ट.

शिकल्यावर मला त्याच देशात, त्याच माळावर काम मिळालं. मी इथे बाप शोधायला आले नाही, असं मी गेली तीन वर्षं प्रत्येकाला सांगत आले. कुणी विचारलं नाही तरी सांगत आले.

या माळाचं इथलं नाव उच्चारताना माझी जीभ अजून अडखळते. अर्थ आहे 'काळा माळ', म्हणून मी काळमाळच म्हणते. इथली माती आमच्या काळ्या रानासारखीच काळीभोर दिसते, पण हातात घेतली की माणूस चकित होतो. तिला वजनच नाही. ढेकूळ उचलावं आणि पाव उचलल्यासारखं वाटावं. ज्वालामुखीची राख म्हणजे खरं तर काचेचा भुगा. थंड, ओल्या हवेत शेकडो वर्षं ही काच झिजते, विरघळते आणि तिचे नवे कण तयार होतात, पोकळ गोळे. ते इतके बारीक, की केसाच्या जाडीत पंधरा हजार बसतील. शास्त्रात त्यांना अ‍ॅलोफेन म्हणतात. प्रत्येक गोळा आतून रिकामा, त्याला भोकं, आणि त्या पोकळीत पाणी. त्यामुळे ही माती स्वतःच्या वजनाइतकं पाणी पोटात घेऊनही वरून कोरडी दिसते. थंडीमुळे मेलेलं गवत लवकर कुजत नाही, ते हजारो वर्षांचं तिच्यात तसंच साठून राहतं, म्हणून ती काळी. एवढी श्रीमंत दिसते, पण मुळांना फॉस्फरस द्यायची वेळ आली की मूठ घट्ट मिटते. असा कंजूष सावकार मी माणसांत पाहिला नाही.

पण तिचा खरा चमत्कार वेगळा आहे. ती दाबली की वितळते. पाय पडला की पोकळ गोळ्यांतलं पाणी बाहेर सुटतं आणि पायाखालची घट्ट जमीन क्षणभर दह्यासारखी होते. पाय उचलला की पाणी परत आत जातं आणि जमीन पुन्हा थिजते. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. मात्र आतल्या गोळ्यांची मांडणी बदललेली असते, आणि एकदा वितळून थिजलेली माती दुसऱ्यांदा किंचित लवकर वितळते. थोडक्यात, पाय विसरला तरी माती विसरत नाही.

आमच्या गटाने यंत्र बनवलं ते या 'किंचित'वर. सहा रुंद पट्ट्यांची एक घसरगाडी. ती मातीला बारीक थरथर देते आणि कुठली जागा किती लवकर सैल पडली ते मोजते. त्यातून पडद्यावर पावलं उमटतात, खुरं उमटतात. वर राखेचा थर असला तरी चालतं. उलट तेच बरं, कारण प्रत्येक उद्रेकाने इथे आपला एक थर टाकला आहे. घडीच्या पोळीला पदर असावेत तशी ही जमीन आहे. हवा तो पदर वाचायचा. यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला 'पावला' म्हणतो. शासनाने ते घेतलं होतं पूर्वी किती मेंढ्या चरल्या आणि त्यांनी माळ कसा उजाड केला हे मोजायला.

पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही खालचा एक पदर वाचला, आठशे वर्षांपूर्वीचा. आधी नुसती खुरं आली, शेकडो. मग त्या गर्दीतून एक लहान पाऊल आलं, अनवाणी. मग दुसरं. कुणीतरी सात-आठ वर्षांचं पोर एका कोकराच्या मागे पळत होतं, मधेच घसरलं होतं, हात टेकून उठलं होतं. पाची बोटं दिसत होती. आम्ही सगळे शास्त्रज्ञ म्हणवणारे लोक त्या पडद्याभोवती गोळा झालो.

आणि मग पडद्यावरच्या त्या पोराकडे बघत असताना मला कळलं, की यंत्र पुढे सरकलं आणि मागे ते पोर संपलं. वाचायचं तर थरथर द्यावी लागते, थरथर दिली की माती वितळते, आणि नव्याने थिजते ती आमच्या यंत्राची आठवण घेऊन. वाचलं की पुसलं. आठशे वर्षं टिकलेला तो हात आम्ही पाहिला, आणि आता तो फक्त आमच्या चित्रात आहे.

काळमाळाच्या पायथ्याशी स्टेइनार नावाच्या म्हाताऱ्याचं शेत आहे. इथे पंतप्रधानालाही नावानेच हाक मारतात, म्हणून मीही त्याला स्टेइनारच म्हणते. पहिल्या दिवशी नाव सांगितलं तेव्हा त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला होता. माझा बाप याच्याच मेंढरांवर होता. मायाप्पाला जाताना शेवटचं पाहिलं तेही यानेच, आणि तो पळाला ही साक्ष दिली तीही यानेच. हे दोघांनाही माहीत होतं. तीन वर्षं आम्ही हवामानावर बोललो.

या शरदात मात्र विषय टाळता येईना. उद्रेकापासून काळमाळाचा वरचा भाग चराईला बंद आहे, त्यावर पाऊल पडलेलं नाही. हातभर राखेने खालची माती झाकून ठेवली होती. ती नसती तर एव्हाना सगळं गेलंच असतं, कारण इथलं गारठणं साधं नाही. जमीन गोठते तेव्हा खालचं पाणी वर ओढलं जातं, त्याचा बर्फ होतो, आणि बर्फ मातीला उचलून तिचे गुडघ्याएवढे उंचवटे करतो. राखेची गोधडी होती म्हणून गारठा आत शिरला नाही. पण गेल्या हिवाळ्यातल्या वाऱ्याने ती कडेकडेने उडवली. माझी मोजमापं स्पष्ट सांगत होती, की येत्या थंडीत बर्फ त्या पदरात शिरेल आणि सगळं उलटंपालटं करील.

म्हणजे बापाची पावलं वाचायची तर आत्ताच, आणि एकदाच.

मी आईला फोन केला. वाटलं होतं ती म्हणेल, तूच बघ आणि सांग. ती म्हणाली, "म्या येती. तू यकटीनं बगितलंस तर तुला जे दिसायचं तेच दिसंल."

आई आली ती घोंगडी पांघरून, पायात माझे जुने बूट आणि कनवटीला बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी. विमानात तिने काय काय केलं ते तिनेच सांगितलं. मी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या उतारावर मेंढरं आणायचं काम चालू होतं. माणसं घोड्यांवर, कुत्री बाजूंना, आणि पुढे पांढऱ्या-करड्या मेंढरांची लाट. सगळे मागून ओरडत हाकत होते. आईने बराच वेळ पाहिलं.

"उंटावरनं शेळ्या हाकत्यात म्हंत्यात," ती म्हणाली, "ही तर घोड्यावरनं हाकाय लागल्यात."

मी हसले, पण माझं लक्ष स्टेइनारकडे होतं. तो घोड्यावरून उतरून आमच्याकडे येत होता. टोपी हातात. आईसमोर येऊन उभा राहिला. शेवटी आईनेच मला म्हटलं, "त्यास्नी इचार, काय बगितलं त्ये. पैल्यापासनं. आन् तू मदी काय गाळू नगंस."

दुभाषाचं काम मी अनेक परिषदांत केलं आहे. इतकं जड कधी गेलं नव्हतं.

स्टेइनार सांगू लागला. राख पूर्वेकडून आली, भरदुपारी अंधार झाला. तो स्वतः त्या समोरच्या कड्यावर होता, घोड्यावर. मायाप्पा खाली माळावर, सोबत सत्तर-ऐंशी मेंढरं. स्टेइनारने हाका मारल्या, पण वाऱ्यापुढे हाक जाईना. मग वारा मधेच पडला, राखेचा पडदा फाटला आणि त्याला खालचं सगळं स्वच्छ दिसलं.

"मेंढरं एका जागी उभी होती," तो म्हणाला. "मायाप्पा त्यांच्यापासून दूर चालला होता. पश्चिमेकडे, गावाच्या उलट दिशेला. पाठ त्यांच्याकडे. चांगलाच पुढे गेला होता. मग पडदा परत मिटला. मी उतरायचा प्रयत्न केला, पण घोडा पुढे जाईना. नंतर मेंढरंही सापडली नाहीत, राखेखाली गेली असंच आम्ही धरलं. मी जे पाहिलं तेच सांगितलं. मला तो आवडायचा. म्हणून मला जास्त राग आला."

मी भाषांतर करत होते. "मेंढरं हुबी हुती," मी म्हणाले. "आन् आप्पा त्यांच्या म्होरं…"

तिथे माझं तोंड थांबलं. म्होरं. आमच्या वस्तीवर ही बातमी आली होती ती 'मेंढरं मागे टाकून गेला' अशी. मागे टाकून, हे खरंच होतं. मेंढरं मागेच होती. मी सात वर्षांची होईपर्यंत बापाच्या खांद्यावर बसून चालले आहे, आणि त्या खांद्यावरून मागे वळून पाहिलं की मेंढरंच दिसायची, लांबवर, धुळीत. आमचा मेंढका कळपाच्या पुढे चालतो. जीभ टाळूला लावून 'ट्रर्र' करतो आणि चालू लागतो. मेंढरं मागून येतात.

आई शांतपणे म्हणाली, "मग मेंढक्यानं चालायचं तरी कुटं?"

मी ते स्टेइनारला सांगितलं. त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. इथे मेंढराच्या पुढे कुणी जात नाही. मेंढरं सांभाळणारा म्हणजे मागे असणारा. मी दुसऱ्यांदा सांगितलं. तो उताराकडे वळला, मागून चाललेल्या त्याच्या घोडेस्वारांकडे पाहत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"पण वाऱ्याच्या उलट का नाही आला?" त्याने विचारलं. "घर तिकडे होतं."

"तोंडावर धुरळा असल्यावर मेंढरू पाऊल टाकंल व्हय?" आई म्हणाली. "वारं पाटीवर घ्याचं आन् आडोसा बगायचा. आमच्यात कुनीबी त्येच करंल."

माझ्या आत काहीतरी सैल व्हायला लागलं होतं आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं. राग बावीस वर्षांचा होता, त्याच्यावर मी उभी होते. मी म्हणाले, "आये, पुढं चाललेला आन् पळालेला, पावलं दोगांचीबी सारखीच. मेंढरं मागनं गेली का न्हाई, तेवढं बगायचं. गेली आसली तर खुरं त्याच्या पावलाच्या वर पडल्याली दिसतील. न्हाईतर नुसतीच पावलं."

"बग की मग," ती म्हणाली. "त्येच्यासाटीच आलोय."

पावला आम्ही माळावर नेलं ते स्वच्छ उन्हात. वारा नव्हता. काळा माळ क्षितिजापर्यंत पसरलेला, आणि त्यामागे तो डोंगर, पांढरा, भोळाभाबडा चेहरा करून बसलेला. स्टेइनारने जागा दाखवली. मी पडदा आईच्या मांडीवर दिला आणि यंत्र सुरू केलं.

पहिल्यांदा आला तो खुरांचा चिखल. मेंढरं बराच वेळ एका जागी घुटमळलेली, एकमेकांत घुसलेली. मग त्या गर्दीतून एक पाऊल बाहेर पडलं. रबरी बुटाचं, लांब टाकलेलं. उजव्या अंगाला गोल खळी, काठीची. आईने पडद्यावर बोट ठेवलं आणि काढलं नाही.

पावलं पश्चिमेला गेली. त्यांच्यावर खूर नव्हतं. एकही नाही.

वीस-पंचवीस ढांगांवर एक पाऊल पिळलेलं दिसलं, टाच जागेवर ठेवून माणूस गर्रकन वळल्यासारखं. मग पावलं परत आली, कळपाकडे. कळपाभोवती फिरली, आणि पुन्हा निघाली. पुन्हा खूर नाही. पुन्हा पिळलेलं पाऊल, पुन्हा परत.

"बगाय लागलाय," आई म्हणाली. "येत्यात का न्हाईत त्ये."

तिसरा फेराही तसाच गेला. मला कळत होतं काय चाललंय. ही मेंढरं मागून हाकलेली. पुढे चालणाऱ्याच्या मागे जायचं असतं हे त्यांना जन्मात कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या माणसाने आमच्या रीतीने हाक दिली होती आणि परक्या मेंढरांना ती हाकच वाटली नव्हती. राख पडत होती, त्याला एकट्याला सहज निघून जाता आलं असतं, आणि तो परत परत वळत होता. माझे डोळे भरले. मी यंत्राकडे बघत राहिले, कारण आईकडे बघण्याची हिंमत नव्हती.

चौथ्यांदा पावलं निघाली तेव्हा त्यांच्या डाव्या अंगाला एका मेंढीची खुरं होती. लांब पायांची, लगालगा चालणारी.

स्टेइनार पडद्यावर वाकला. "ही ग्राउना आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. मग त्याने सांगितलं, की त्यांच्याकडे काही कळपांत एखादी पुढारी मेंढी असते. तिला वादळ आधी कळतं, वाट आधी कळते. ग्राउना तशी होती. ती कुणाही माणसाचं ऐकत नसे.

"त्याचं ऐकलं," मी म्हणाले.

आणि मग, ग्राउनाच्या मागून, खुरं आली. आधी दोन-चार, मग दहा, मग पडदा खुरांनी भरून गेला. सगळी एका दिशेला तोंड करून. बापाची पावलं खाली आणि खुरं वर. बुटाचा ठसा, आणि त्याच्या बरोबर मधोमध दोन फाकांचं खूर. पुढचा ठसा, त्याच्यावर तीन खुरं. मातीने बावीस वर्षं क्रम जसाच्या तसा धरून ठेवला होता: आधी तो, मग ती. केसापेक्षा हजारो पट बारीक पोकळ गोळ्यांनी पाण्याच्या जोरावर एका माणसाची अब्रू सांभाळली होती. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं, मीच ते समीकरण मांडलं होतं. तरी मी लहान पोरीसारखी तोंड उघडं टाकून बघत होते.

एक गोष्ट मला उशिरा दिसली. त्या चौथ्या फेरीत पिळलेलं पाऊल कुठेच नव्हतं. मेंढरं यायला लागल्यावर तो एकदाही वळला नव्हता.

पावला पुढे सरकत होतं आणि मागे सगळं पुसलं जात होतं. स्टेइनार गाडीच्या बाजूने चालत होता, टोपी छातीशी धरून. कितीतरी अंतर गेल्यावर तो आईकडे न बघता बोलला. "मी बावीस वर्षं त्याच्याबद्दल वाईट बोललो. माझ्या मेंढरांसाठी तो गेला, आणि मी लोकांना सांगितलं की त्याने ती सोडली."

मी भाषांतर केलं. आईने चालता चालताच ऐकलं. मग म्हणाली, "त्यास्नी सांग, डोळ्यानं बगितलं त्येच बोलला. खोटं न्हाई बोलला. पर आता खरं बी तितक्याच मोट्यानं बोला म्हनावं."

"बोलेन," स्टेइनार म्हणाला.

उताराच्या तळाशी एक घळ होती, वाऱ्याला पाठ करून. तिच्यात राख दोन पुरुष खोल भरली होती. कळप तिच्या तोंडाशी येऊन आत वळला होता. पावलं कळपाला एक पूर्ण वळसा घालून आली, सावकाश, काठी टेकत. मला ती चाल ठाऊक होती. तळ पडला की बाप असाच मेंढरांभोवती फिरायचा, कुठलं बाहेर राहिलं का बघत, आणि मग मधे जाऊन बसायचा. यंत्र घळीच्या तोंडाशी उभं होतं. पडद्याच्या कडेला मोठमोठे गोल डाग दिसायला लागले होते. मेंढरं बसली होती. पावलं त्यांच्यामधून आत जात होती.

मी यंत्राचा दांडा धरला. आणखी थोडं पुढे गेलं की कळलं असतं. तो बसला कुठे, उठला का, उठला तर कुठे गेला. मृत्यूचा पुरावा लागतो, कागद लागतात, आणि मला स्वतःला हवं होतं. इतकी वर्षं जे धरलं ते सोडायचं तर पूर्ण सोडावं असं वाटत होतं.

आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"वाचलं की पुसतंय म्हनलीस न्हवं?"

"व्हय. पण आये, आत तो…"

"ठावं हाय मला आत काय हाय." तिचा आवाज जराही हलला नाही. "मेंढरं बसल्यात, आन् मदी तुजा बा बसलाय. ह्या घळीत तरी तुजं बरफ शिरतंय का?"

मी अंदाज केला, मग खात्री केली. एवढ्या खोल राखेखाली गारठा पोचणार नव्हता. शंभर वर्षं नाही, कदाचित हजार वर्षं नाही. वरची वाट तर पुसलीच होती, पण तिचं चित्र आमच्याकडे होतं. घळ राहणार होती.

"न्हाई शिरत," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे त्येला तितं. त्येचा मोडू नगंस तळ."

मी दांडा सोडला. यंत्र बंद केलं. आई घळीच्या तोंडाशी गेली, आत पाऊल टाकलं नाही. कनवटीची पुडी सोडून तिने भंडारा उधळला. काळ्या राखेवर पिवळा पट्टा पडला. मग उरलेला तिने माझ्या कपाळाला लावला, आणि क्षणभर थांबून स्टेइनारच्याही. तो वाकून उभा राहिला, लावू दिला.

मी रडले. राग जातो तेव्हा त्याच्या जागी काय येतं ते मला माहीत नव्हतं. बाप येतो.

मेंढरं गावात न्यायचा शेवटचा दिवस दोन दिवसांनी होता. रस्त्याकडेला गाव जमलेलं, कॉफीचे थर्मास, लोकरीचे स्वेटर घातलेल्या बायका. मी आणि आई कुंपणापाशी उभ्या होतो. वरच्या वळणावर कळप दिसला, मागे घोडेस्वार. मग सगळं थांबलं.

स्टेइनार घोड्यावरून उतरला. त्याने लगाम शेजारच्याच्या हातात दिला, कळपाला वळसा घातला आणि पुढे येऊन उभा राहिला. सत्तरीचा म्हातारा, कपाळावर अजून थोडा पिवळा डाग. लोक एकमेकांकडे बघू लागले. त्याने जीभ टाळूला लावून आवाज काढायचा प्रयत्न केला. फारच वाईट आवाज निघाला. तरी तो चालू लागला.

मेंढरं उभीच राहिली. तो थांबला, वळून पाहिलं, परत चार पावलं टाकली, परत वळला. कळपातून एक लांब पायांची करडी मेंढी मान वर करून त्याच्याकडे बघत होती. ती ग्राउनाच्या वंशातली नसावी, ग्राउना तर त्या घळीत आहे. पण लांब पायांची होती खरी. ती निघाली. तिच्या मागून आणखी एक निघाली.

स्टेइनारला ते दिसलं नव्हतं. त्याने पुन्हा वळायला टाच फिरवली.

"चैतू," आईने माझा दंड धरला. बापाशिवाय मला या नावाने आजवर कुणी हाक मारली नव्हती. "मागं बगू नगा म्हनावं त्यास्नी. येत्यात ती."

मी ओरडून सांगितलं. त्याची टाच तशीच थांबली, सरळ झाली, आणि तो मागे न बघता चालत गावात आला.